धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) शाळेचा मॅनेजर होणाऱ्या नव्या फादरांसाठी

वसई धर्मप्रांतात गुरुदीक्षा घेऊन, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होऊन, बाहेर पडणाऱ्या तरुणाचा तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान ६ वर्षांचा अभ्यास झालेला असतो, पण संचमान्यता (शाळेतल्या शिक्षकपदांची सरकारी मंजुरी) कशाशी खातात, शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतला क्रमांक अडला की पगार का थांबतो, सेवापुस्तिकेत कोणती नोंद राहिली तर निवृत्तिवेतन लटकते, यातले मला सेमिनरीत काहीही शिकवले गेले नव्हते. हे सारे शिकता येते, त्याची धास्ती बाळगू नये. शिकायचे मात्र शाळेच्या हेडक्लार्ककडून. माझे हे मत अनेक ज्येष्ठ धर्मगुरूंना रुचत नाही; तरीही ‘आमच्या वेळी असेच चालायचे’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या फादरांपेक्षा, शिक्षणाधिकारी कार्यालयातून त्रुटी काढून परत आलेली फाइल पुन्हा बांधणारा माणूस अधिक भरवशाचा गुरू असतो.

ज्यांना मुळात मुख्याध्यापकच व्हायचे आहे, त्यांनी पाचारणाची, म्हणजे धर्मगुरू होण्याची, वाट धरू नये. राज्यघटनेच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याक संस्थेला सेवाज्येष्ठता बाजूला ठेवून मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक मिळाली आहे, हे खरे, पण बी.एड. आणि वर्गावरचा अनुभव यांना धर्मगुरूची पांढरी कॉलर हा पर्याय होत नाही. सुट्ट्यांमध्ये बी.एड. ‘उरकून’ घेण्याचा सल्ला तर मी कोणालाच देणार नाही, कारण तसा उरकलेला फादर पहिल्याच तासाला नववीच्या मुलांना ओळखू येतो.

ज्या गोष्टीने मला खरोखर पेचात टाकले, ती वेगळी आहे. आपल्याकडे बहुधा प्रमुख धर्मगुरूच शाळेचा मॅनेजर असतो, म्हणजे ज्या शिक्षिकेच्या नेमणुकीवर तुमची सही असते, तीच ईस्टरआधीच्या उपवासकाळात पापनिवेदनासाठी, म्हणजे आपली पापे कबूल करण्यासाठी, तुमच्यासमोर येऊन बसते. पापनिवेदनातले बाहेर बोलायचे नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ते सोपेही आहे. अवघड आहे ती १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातील, ९८४ वी तरतूद, जिच्यानुसार अधिकारपदावरील व्यक्तीला पापनिवेदनातून कधीही कळलेल्या पापाची माहिती बाह्य कारभारात कोणत्याही प्रकारे वापरता येत नाही. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द पुन्हा वाचावेत. समजा, फीची रोकड सांभाळणाऱ्याने अफरातफर कबूल केली, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्याच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेता येत नाही, त्याचे टेबल बदलता येत नाही, हिशेबतपासनीसाला आठवडाभर आधी बोलावताही येत नाही. पुढे तीच गोष्ट लेखापरीक्षणात उघड झाली, तर त्या अहवालाच्या आधारे कारवाई करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण आपण अहवालामुळे वागलो की आधी ऐकल्यामुळे, हा प्रश्न तुमची पाठ सोडत नाही, आणि फादरांनी पापनिवेदनाच्या गुप्ततेची मोहर मोडली असे त्या माणसाला आयुष्यभर वाटत राहू शकते. हे उदाहरण मी रचलेले आहे. खरे उदाहरण देणे शक्य नाही, आणि ते का शक्य नाही हेच मी सांगतो आहे.

शिक्षणसेवकांच्या बाबतीत हा गुंता आणखी आवळतो. त्यांचा ३ वर्षांचा परिवीक्षा काळ संपला की खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याने ते कायम झालेले मानले जातात, तेव्हा काम समाधानकारक आहे की नाही याचा निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो. तो निर्णय मुख्याध्यापकांच्या लेखी नोंदींवर उभा असावा. तुमच्या कानांवर नव्हे. त्यातच मे महिन्यात तुमची बदली झाली, तर नव्या फादरांच्या हाती निदान ती फाइल तरी असते.

म्हणून मी शाळेतील कॅथलिक कर्मचाऱ्यांचे पापनिवेदन ऐकणे थांबवले. उपवासकाळात शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या जातात, तिथे शेजारच्या धर्मग्रामाचे फादर बसतात आणि त्याच सकाळी मी त्यांच्या शाळेत जातो. पहिल्या वर्षी एक ज्येष्ठ शिक्षिका दुखावल्या आणि ‘फादर, आमच्यावर विश्वास नाही का?’ असे त्यांनी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत विचारले. मी कॅनन लॉ समजावत बसलो, ते कोणाला फारसे पटले नाही. आजही काहींना माझे वागणे कोरडे वाटते, आणि कोणी मरणासन्न असेल किंवा दुसरा धर्मगुरू मिळतच नसेल, तर हा नियम मी अर्थातच बाजूला ठेवीन.

नव्या फादरांनी घाबरून शाळेकडे पाठ फिरवावी, असे मला सुचवायचे नाही. मुलांची वर्गवार मिस्सा (चर्चमधील उपासना), मूल्यशिक्षणाचा तास, परीक्षेच्या आधी भेदरून चॅपलमध्ये येऊन बसणारे दहावीचे विद्यार्थी, यांतले बरेचसे कोणत्याही धर्माच्या मुलासाठी करता येते आणि त्याला सहीचा अधिकार लागत नाही. फक्त शेजारच्या फादरांशी अदलाबदलीची तारीख जूनमध्ये, शालेय वेळापत्रक ठरतानाच पक्की करा. पवित्र आठवडा जवळ आला की कोणताच धर्मगुरू मोकळा सापडत नाही.