परक्या पागेत घोडा ठेवताना पागा कशी पारखावी

ज्ञानेश्वर माउलींच्या आषाढी पालखी सोहळ्यातील अश्व चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालून आळंदीला पोहोचतात. ज्या मुलखातून हा मान जातो, त्या मुलखात घोड्याची हौस असणे स्वाभाविकच आहे. गावोगावच्या जत्रांतील घोडागाडीच्या शर्यती, वरातीची घोडी आणि अलीकडे स्वारी शिकू लागलेली शहरातील मुले यांमुळे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी या भागांत घोडा बाळगणाऱ्यांची संख्या लहान नाही. यांतील पुष्कळांना घराशेजारी ठाण, म्हणजे घोड्याची खोली, बांधायला जागा नसते, म्हणून ते महिन्याचे पैसे ठरवून दुसऱ्याच्या पागेत घोडा ठेवतात. अशी पागा निवडताना काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे येथे सांगत आहे.

प्रथम माझी एक चूक सांगतो. माझी काठियावाडी घोडी मी एका नीटनेटक्या, रंगरंगोटी केलेल्या पागेत ठेवली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर तेथील कडबा संपला आणि तिला एका दिवसात ओल्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, आणले गेले. मला कोणी कळवले नाही. रात्री दहापासून ती पोटाकडे वळून पाहत होती आणि पुन्हा पुन्हा लोळत होती. मला निरोप मिळाला तो पहाटे, कारण रात्रीच्या माणसाकडे माझा नंबरच नव्हता. घोडी वाचली, पण त्या दिवसापासून मी पागेत गेल्यावर इमारत शेवटी पाहतो. घोड्यात झालेला बदल तेथे कोणाच्या लक्षात येतो आणि तो मालकापर्यंत किती वेळात पोहोचतो, हे मी आधी पाहतो.

पहिली पायरी: आपली गरज कागदावर लिहा

पागा पाहायला निघण्यापूर्वी घोड्याचे वय, अंदाजे वजन, काम, सध्याची चंदी (दाणा) व वैरण, जुनी दुखणी आणि खोडी एका कागदावर लिहून काढाव्यात. त्यानंतर सांभाळाचा प्रकार ठरवावा. काही ठिकाणी चंदी, खरारा (अंग घासणे), फिरवणे आणि ठाणाची सफाई हे सगळे पागेकडे असते. काही ठिकाणी पागा फक्त जागा आणि पाणी देते व बाकीचे मालक पाहतो. तर काही ठिकाणी कामे वाटून घेतलेली असतात. ज्याला रोज सकाळी जाणे जमणार नाही, त्याने स्वस्त पडते म्हणून नुसती जागा घेऊ नये, कारण मालकाच्या गैरहजेरीत राहिलेले काम कोणाचेच नसते.

दुसरी पायरी: दोनदा जा, आणि एकदा पहाटे जा

पहिली भेट सांगून घ्यावी आणि दुसरी पहाटे, ठाणे झाडण्यापूर्वी घ्यावी. ती चालणार नाही असे जर पागेवाल्याने सांगितले, तर तेथेच विचार थांबवावा. पहाटेच्या त्या अर्ध्या तासात पुष्कळ काही समजते. निरोगी घोडा दिवसभरात साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो, त्यामुळे रात्रभरात ठाणात तीन-चार ढीग असायला हवेत. लिदीचे गोळे ओलसर असावेत व जमिनीवर पडताच फुटावेत. ते कोरडे, लहान आणि चकचकीत असतील, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. खाली वाकून गुडघ्याच्या उंचीवर श्वास घेऊन पाहावा. उभ्या माणसाला न जाणवणारा मुताचा झोंबणारा वास तेथे जाणवतो, आणि आडवा झालेला घोडा रात्रभर तीच हवा घेत असतो.

पाण्याच्या डोणीत हात घालून तळ चाचपावा. तळाला शेवाळ आणि कुजका कोंडा लागला, तर डोण धुतली जात नाही हे उघड आहे. एका मध्यम घोड्याला रोज २५ ते ४० लिटर पाणी लागते आणि मे महिन्यात अथणीकडच्या उन्हात त्याहूनही अधिक लागते, म्हणून बोअर आटल्यावर टँकर कोठून येतो, हेही विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: वैरणीची खोली उघडायला सांगा

या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण आपल्या भागातील बहुतेक पागा गाईम्हशींच्या गोठ्यांतून वाढलेल्या आहेत आणि गाईला चालते ते घोड्याला चालेलच असे नाही. घोड्याचे जठर आठ ते पंधरा लिटरांचे, म्हणजे देहाच्या मानाने फार लहान असते, आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून त्याला थोडे थोडे आणि वारंवार खायला हवे. सकाळ-संध्याकाळ चंदीचा भरगच्च तोबरा आणि मधले दहा तास रिकामी गव्हाण ही पोटशुळाची वाट आहे. घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज हवी, म्हणजे ४०० किलोंच्या घोड्याला सहा ते आठ किलो, आणि तीही तीन-चार वेळांत वाटून दिलेली. पागेत वजनकाटा आहे का ते पाहावे, कारण पेंढीच्या अंदाजाने दिलेली वैरण माणूस बदलला की बदलते.

साखर कारखाने सुरू झाले की निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात उसाचे वाडे मुबलक आणि स्वस्त मिळते, आणि पागेवाल्यांना त्याचा मोह होतो. वाडे अधूनमधून थोडे दिले तर हरकत नाही. मात्र वाड्यात आणि हत्तीगवतात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते व ते वैरणीतील कॅल्शियम बांधून ठेवते. महिनोन्‌महिने त्यावरच ठेवलेल्या आणि वर गव्हाचा कोंडा भरपूर मिळणाऱ्या घोड्याच्या रक्तात कॅल्शियम कमी पडते, शरीर ते हाडांतून काढू लागते, मग चेहऱ्याची हाडे फुगतात आणि घोडा कारण न समजता लंगडू लागतो. म्हणून शाळूचा स्वच्छ कडबा, वाळलेले गवत किंवा भुईमुगाचे वेल हा आधार असावा, आणि जोडीला लसूणघास मिळाल्यास उत्तम. कडब्याची पेंढी सोडून आतून पाहावी. आत पांढरी बुरशी असेल किंवा झटकल्यावर धुरळा उडत असेल, तर तो कडबा घोड्याच्या फुप्फुसांना बाधतो. बुरशी लागलेला मका त्याहून वाईट, कारण त्यातील विषाने घोड्याचा मेंदू मऊ पडतो आणि त्यावर उपाय नाही.

पशुखाद्याची पोती एका बाजूला रचलेली दिसली, तर ती कोणाची आहेत हे अवश्य विचारावे. काही पशुखाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला किंवा कोंबडीला उपयोगी असलेली त्याची मात्रा घोड्याचे हृदय बंद पाडू शकते. म्हणून घोड्याचे खाद्य आणि इतर जनावरांचे खाद्य वेगळ्या खोलीत, वेगळ्या घमेल्याने मोजले जायला हवे. हुलगे किंवा हरभरा देत असतील, तर ते भिजवून किंवा शिजवून देतात का, तेही पाहावे. शेवटी एकच प्रश्न विचारावा: वैरण बदलायची झाली तर तुम्ही कशी बदलता? जुन्यात नवी थोडी थोडी मिसळत सात ते दहा दिवसांत बदलतो, असे उत्तर आले तर त्या माणसाला घोडा कळतो.

चौथी पायरी: ठाण, आवार आणि कुंपण

एका घोड्याला साधारण बारा फूट लांब व बारा फूट रुंद ठाण हवे, आणि शिंगरासह घोडी असेल तर त्याहून मोठे. फरशीवर टाप घसरते. खानापूरकडे जांभ्याच्या खडबडीत जमिनीवर भाताचे पिंजर अंथरलेले मी पाहिले आहे आणि ते मला सर्वांत योग्य वाटते. पूर्वेकडे मुरमाची ठोकलेली जमीन चालते. पूर्वेकडच्या पागेचे पत्र्याचे छप्पर दहा फुटांहून खाली असेल, तर दुपारी दोन वाजता ठाणात उभे राहून पाहावे. ज्या उकाड्यात आपल्याला दहा मिनिटे थांबवत नाही, तेथे घोड्याने दिवस काढायचा असतो.

मोकळे आवार नसलेली पागा घेऊ नये. घोड्याला रोज काही तास बांधल्याशिवाय, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या नजरेत फिरता आले पाहिजे. चोवीस तास अगाडी-पिछाडीत (पुढच्या-मागच्या दोरांत) जखडलेला घोडा डोके डोलवू लागतो आणि लाकूड चावू लागतो, मग आपण त्याला खोडकर म्हणतो. पावसाळ्यात आवारात पाणी साचते का, हे जून-जुलैतच समजते. काळ्या मातीच्या आवारात घोटे बुडेपर्यंत चिखल होतो आणि खुराच्या तळव्याची बेचकी कुजून काळा, घाण वासाचा स्राव येऊ लागतो, म्हणून निदान फाटकापाशी आणि डोणीपाशी मुरूम टाकलेला असावा.

काटेरी तारेचे कुंपण घोड्याचे पाय फाडते. लाकडी किंवा लोखंडी आडवे बार असावेत. कुंपणालगत शोभेसाठी कण्हेर लावलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. कण्हेरीची मूठभर पाने, वाळलेलीसुद्धा, घोड्याच्या जिवावर बेततात. असे झाड असेल तर ते उपटल्याशिवाय घोडा तेथे आणू नये. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या बाजूला पागा असेल, तर रात्री दारे बंद होतात का आणि दिवा राहतो का, हेही पाहावे. कडब्याची गंजी ठाणाला लागून रचलेली नसावी.

पाचवी पायरी: मोतद्दाराशी स्वतः बोला

मालक गोड बोलतो, पण घोडा मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराच्या, हाती असतो. त्याच्याकडे किती घोडी आहेत, रात्री पागेत कोण झोपते, आणि सुट्टीच्या दिवशी चंदी कोण घालते, हे त्यालाच विचारावे. त्याने एखाद्या घोड्याचा पाय उचलून दाखवावा अशी विनंती करावी. घोडा शांतपणे पाय देतो की कान मागे टाकतो, यावरून त्या हाताची सवय दिसते. आपल्या भागातील बऱ्याच पागांमध्ये मालक मराठी बोलतात आणि काम करणारे कन्नड, त्यामुळे तोंडी सूचना अर्ध्यावर हरवतात. म्हणून प्रत्येक ठाणाबाहेर दोन्ही भाषांतील एक फळा असावा. त्यावर घोड्याचे नाव, चंदी-वैरणीचे वजन व वेळा, काय द्यायचे नाही, मालकाचा नंबर आणि पशुवैद्याचा नंबर लिहिलेला असावा. ज्या पागेत रोजची नोंदवही असते आणि तिच्यात ‘संध्याकाळची चंदी अर्धी उरली’ अशा साध्या ओळी सापडतात, त्या पागेला मी पक्क्या इमारतीपेक्षा वरचे स्थान देतो.

सहावी पायरी: रोगराईबद्दल स्पष्ट विचारा

नवीन आलेला घोडा निदान तीन आठवडे वेगळा ठेवतात का, हा पहिला प्रश्न असावा, आणि आपल्या घोड्यालाही तसे ठेवण्याची तयारी आपण दाखवावी. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसाला होतो. नाकातून चिकट स्राव येणे आणि कातडीवर गाठी येऊन फुटणे ही त्याची लक्षणे आहेत. २००९ च्या प्राणी संसर्गरोग कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे आणि रोग सिद्ध झालेल्या घोड्याला वाचवता येत नाही. लग्नसराईत गावोगाव फिरून येणारी वरातीची घोडी पागेत असतील, तर त्यांची रक्ततपासणी कधी झाली हे विचारणे उद्धटपणाचे नाही. त्याबरोबर धनुर्वात आणि रेबीजच्या लसींचे कागद पाहावेत. पावसानंतर गोमाश्यांसारख्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो, त्यामुळे लिदीचा उकिरडा ठाणांपासून दूर आहे का, हेही पाहावे.

पशुवैद्य जवळ असणे पुरेसे नाही, त्याचा हात घोड्यावर बसलेला असावा. सरकारी दवाखान्यातील डॉक्टर बहुधा गाईम्हशींच्या कामात गुंतलेले असतात, म्हणून रात्री पोटशूळ झाल्यास नक्की कोण येतो, हे पागेवाल्याकडून आधीच जाणून घ्यावे. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो का, हे घोड्यांच्या पायांकडे पाहूनच समजते. खुराची पुढची बाजू लांबून वर वळलेली असेल, तर तो येत नाही.

सातवी पायरी: ठरलेले लिहून घ्या

महिन्याच्या रकमेत काय येते आणि नाल, औषध, जंतनाशक यांचे पैसे वेगळे आहेत का, हे लिहावे. मालकाशी संपर्क न झाल्यास पागेने किती खर्चापर्यंत डॉक्टर बोलवावा, आपल्या परवानगीशिवाय घोड्यावर कोणी बसू नये, आणि पागा सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी, हेही त्यात असावे. निपाणीजवळच्या कोगनोळीपलीकडे महाराष्ट्र सुरू होतो, त्यामुळे कोल्हापूर किंवा मिरजेहून घोडा आणायचा असेल, तर वाहतुकीपूर्वी पशुवैद्याचा आरोग्य दाखला घेऊन ठेवावा.

आठवी पायरी: पहिला महिना

घोडा हलवताना जुन्या पागेची आठवड्याभराची वैरण सोबत न्यावी, म्हणजे बदल हळूहळू होतो. पहिल्याच दिवशी शांत उभ्या घोड्याची नाडी व ताप मोजून फळ्यावर लिहावे. नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असावा. पुढे कधी शंका आली तर मोतद्दाराला ताडून पाहायला हाच आकडा उपयोगी पडतो. घोडा रोडावतो का हे पुढे कळावे म्हणून छातीचा घेर मुंढ्यामागून फितीने मोजावा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. वेळ बदलून आठवड्यातून दोनदा जावे, आणि जाताना मोतद्दारासाठी चहा-बिस्किटे न्यावीत. तीस दिवसांनी त्याच जागी, त्याच फितीने पुन्हा घेर मोजावा आणि तो आकडा पहिल्या आकड्याखाली फळ्यावर लिहावा.