जुनी खुर्ची घेताय? आधी ती उलटी करा

जुनी खुर्ची बघताना पहिली नजर पॉलिशवर जाते आणि बहुतेक माणसं तिथेच फसतात. चकाकी दोन दिवसांत आणता येते, वेताची बैठकही नवी विणून मिळते. पण मागच्या पायाला बैठकीची बाजूची पट्टी जिथे येऊन मिळते तो सांधा फुटला असेल, किंवा लाकूड आतून पोखरलेलं असेल, तर त्या खुर्चीवर पैसे घालवू नयेत. म्हणून कदेल, म्हणजे गोव्याच्या बोलीत खुर्ची, बघायची ती उलटी करून. सोबत टॉर्च, मोजपट्टी, जाड सुई आणि एक काळा कागद घेऊन जा.

सुरुवात सांध्यांपासून करा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा. जुन्या घरांची जमीन क्वचितच सपाट असते, तेव्हा खुर्ची डुलली तर जागा बदलून पुन्हा बघा. मग एका हाताने पाठ आणि दुसऱ्या हाताने पुढची पट्टी धरून कर्णाच्या दिशेने हलकेच पिळा. टेकून बसलं की सगळा भार मागच्या सांध्यावर येतो, त्यामुळे सैलपणा आधी तिथेच दिसतो. नुसता सैल सांधा ही मोठी अडचण नव्हे. जुन्या खुर्च्या सरसाने चिकटवलेल्या असतात, आणि सरस गरम पाण्याने व वाफेने सुटतो. चांगला सुतार सांधा खोलतो, जुना सरस पूर्ण काढतो आणि मगच नव्याने चिकटवतो. सरसावर फेविकॉल ओतला तर तो धरत नाही. पण सांध्यात आधीच कुणी खिळे ठोकले असतील, लोखंडी कोपरपट्टी मारली असेल, किंवा खाचेच्या तोंडाशी लाकूड उभं चिरलं असेल तर ती खुर्ची सोडून द्या. समुद्राकडच्या हवेत खिळा गंजतो, गंज सागवानाभोवती काळा डाग पाडतो आणि खिळ्याची पकड जाते.

एक गोष्ट इथल्या हवेमुळे ध्यानात ठेवायला हवी. जून ते सप्टेंबर गोव्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत लाकूड फुगतं आणि सैल सांधाही घट्ट वाटतो. ऑगस्टमध्ये ठणठणीत वाटलेली खुर्ची जानेवारीत कुरकुरायला लागते. शक्य असेल तर खरेदी डिसेंबर ते मार्चमध्ये करा. पावसाळ्यातच घ्यावी लागली तर सांधा दोनदा तपासा.

आता लाकूड. गोव्यातल्या जुन्या चांगल्या खुर्च्या बहुधा शिसवीच्या किंवा सागवानाच्या असतात. शिसव जांभळट तपकिरी असते, तिच्यात काळ्या रेषा असतात, आणि सारख्याच आकाराची खुर्ची सागवानापेक्षा स्पष्टपणे जड लागते. सागवान सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट. फणसाचं लाकूड कापल्यावर पिवळं असतं आणि वर्षांनी तांबूस होतं. फणसही उत्तम लाकूड आहे, फक्त शिसवीचा भाव देऊन ते घेऊ नये. खरं लाकूड कळतं ते बैठकीच्या खालच्या बाजूला, कारण तिथे रंग नीट फासलेला नसतो. वर काळपट आणि खाली फिकट, सरळसोट रेषांचं लाकूड दिसलं तर शिसवीचा रंग बाहेरून चढवलेला आहे.

वय ओळखायची सर्वात भरवशाची खूण कातलेल्या पायांत मिळते. लाकूड सुकताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. त्यामुळे गोल कातलेला पाय दशकांनंतर थोडा लंबगोल होतो. व्हर्निअरने (बारीक जाडी मोजायच्या पट्टीने) दोन बाजूंनी माप घ्या. मिलिमीटरभराचा फरक मिळाला तर ते लाकूड बऱ्याच काळापासून त्या आकारात आहे. दोन्ही मापं तंतोतंत जुळली तर नव्या कामाची शंका घ्यावी. झीजही एकसारखी नसते. पायांच्या मधल्या आडव्या पट्टीचा वरचा भाग पाय ठेवून झिजतो, हातांची टोकं गुळगुळीत होतात, मागच्या पायांचे तळ मागच्या कडेला घासतात. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती पॉलिश पेपरने आणलेली आहे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतर रुळले. एखादा तसा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचा असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर शंभर वर्षांचा दावा मान्य करू नका.

किडीकडे मात्र डोळेझाक नको. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर सुई टोचा. सुई लोण्यात जावी तशी गेली तर आतलं लाकूड संपलं आहे. सुई अडली तर खुर्ची काळ्या कागदावर ठेवून हलकेच ठोका. ताजं फिकट पीठ पडलं तर कीड जिवंत असण्याचा संभव आहे. भोकं धुळीने भरलेली, काळपट असतील तर कीड बहुधा जुनी. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला ही कीड पटकन धरते, गाभ्याच्या सागवानाला आणि शिसवीला सहसा नाही. घेतलेली खुर्ची पहिला महिनाभर इतर सामानापासून लांब, काळा कागद खाली घालून ठेवा. कीडनाशक सिरिंजने एकेका भोकात सोडावं लागतं. पॉलिशवर फवारलं तर ते आत जातच नाही. पायांवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि मग घराचीही तपासणी करून घ्या.

वेताची बैठक दोन प्रकारची. चौकटीला साधारण १२-१३ मिलिमीटर अंतरावर आरपार भोकं असतील तर ती हाताने विणलेली. चौकटीभोवती खाच आणि खाचेत वेताची दोरी ठोकलेली असेल तर तयार जाळी बसवलेली. भोकं असलेल्या चौकटीला खाच पाडून जाळी बसवून घेऊ नका, चौकट कमकुवत होते. बैठक फक्त सैल असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवा आणि रात्रभर बसू नका, सुकताना वेत ताणला जातो. वार्निश खालच्या बाजूला लावू नये, वेताला ओलावा घेता आला पाहिजे. कोरडा वेत तडकतो, म्हणून एसीच्या बंद खोलीत वेताची खुर्ची फार दिवस टिकत नाही.

वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याही जुन्या मालात दिसतात. हा नमुना फर्निचर बनवणारा मिखाएल थोनेट याच्या १८५९ च्या १४ क्रमांकाच्या खुर्चीपासून आला: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. नकला पुष्कळ झाल्या. बैठकीच्या कड्याखाली छाप किंवा कागदी चिठ्ठीचे अवशेष शोधा. या खुर्च्या बहुधा बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाच्या असतात आणि ते किडीला लवकर बळी पडतं, म्हणून सुईची परीक्षा इथे दुप्पट काळजीने करा. गंजलेले स्क्रू बदलताना त्याच मापाचे पितळी घाला.

मापं घरूनच घेऊन जा. जेवणाचं टेबल ७५ सेंटिमीटर असेल तर बैठक ४३ ते ४६ हवी. खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का, तेही बघा. बाल्कांवातली (घरापुढच्या ओट्यावरची) लांब हातांची वोल्तेर ही आरामखुर्ची मात्र मुद्दाम खोल आणि मागे कललेली असते. ज्येष्ठांना तिच्यातून उठायला त्रास होतो, त्यांच्यासाठी सरळ पाठीची घ्यावी.

पॉलिश चपड्याचं (लाखेचं) आहे का हे आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून कळतं. पृष्ठभाग चिकट झाला तर चपडा. त्यावर पॉलीयुरेथेन चढवू नका. चपड्याचा पातळ हात द्या आणि नंतर मेण. ओल्या भिंतीपासून खुर्ची वीतभर पुढे ठेवा.

घरचं कुणी परदेशी असेल आणि खुर्ची तिकडे न्यायचा विचार असेल तर आधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिसवीच्या निर्यातीवर आणखी निर्बंध आहेत. विक्रेता 'कागद करून देतो' म्हणाला तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे स्वतः चौकशी करा.