राजीनाम्याचा मेल टाकायच्या आधी

मेल ड्राफ्टमध्येच राहू दे अजून, कारण बरीच कामं सॅलरी स्लिप चालू आहे तोवरच सोपी असतात. मी पवईतला डेव्हलपरचा जॉब सोडून लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदारांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, आणि यातलं निम्मं मला उशिरा कळलं.

पहिलं मेडिक्लेमचं बघा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, त्यात आईबाबा असतील तर त्यांचाही, आणि नवीन पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून सहसा क्लेम मिळत नाही, जुन्या आजारांना तर 3 वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. घरात कोणाला शुगर असेल तर स्वतःची पॉलिसी आजच काढा. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या पर्सनल पॉलिसीत मायग्रेट होता येतं का तेही एचआरला विचारा. क्रेडिट कार्ड हवं असेल तर आत्ताच काढा, नंतर बँक आयटीआर मागत बसते, पण नवीन होम लोन मात्र नकोच, हप्ता डोक्यावर घेऊन धंदा सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा, भाड्याने राहत असाल तर ॲग्रीमेंट कधी संपतंय आणि भाडं किती वाढणार ते धरून. पीएफ काढू नका, 5 वर्षं झाली नसतील तर टॅक्सही लागतो.

मग ऑफर लेटर काढून नीट वाचा. नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीचा, असा क्लॉज बऱ्याच ठिकाणी असतो, म्हणून कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहायची नाही.

पण खरी तयारी गिऱ्हाइकाची. शनिवारी जाऊन दुकानात नुसतं बसा, काही विकू नका. मी वायरचा स्टॉक बंडलात मोजत होतो, 90 मीटरचं एक बंडल म्हणजे एक नग, आणि तिथे शेठ 17 मीटर कापून देतात, उरलेला तुकडा खुंटीला टांगतात, त्याचा हिशोब फक्त जुन्या नोकराच्या डोक्यात. तीन शनिवार बसलो तेव्हा कळलं की त्यांना सॉफ्टवेअर हवंय ते या तुकड्यांसाठी. "छान आहे" म्हणणाऱ्यांना मोजू नका, महिन्याला किती द्याल ते विचारा, आणि आकडा सांगणारे तीनजण मिळेपर्यंत थांबा. पैसे मात्र रिलीव्ह झाल्यावरच घ्यायचे.

कागदपत्रांचं फार टेन्शन नको. सुरुवातीला प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या नावावरचा धंदा पुरतो, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकट होतं, सर्व्हिसला वर्षाला 20 लाखांपर्यंत जीएसटी नंबर सहसा लागत नाही, प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाला 2500 आठवणीने भरा.

आणि लोकलचा पास बंद करू नका, सीएसएमटीपर्यंतचा काढून ठेवा, पहिले सहा महिने रोज दुकानातच बसावं लागतं.