खाजनात नवा वाण पारखताना: आखणी लावणीआधीच करा

यंदा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतात, सरदाला (पावसाळी हंगामात) ज्योती या भाताच्या वाणाशेजारी एखादा नवा वाण लावून बघायचा असेल, तर तरवा (रोपे) उपटण्याआधी आखणी ठरवा. एका कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) ज्योती, दुसऱ्यात गोवा धानासारखा नवा वाण आणि ज्याची पोती जास्त तो बरा, ही पारख खाजनात चालत नाही. मानशीकडे (खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दाराकडे) खारेपणा जास्त, चढाला कमी. गुण वाणाचा की जागेचा, हे पोती सांगत नाहीत.

खारेपणा ज्या दिशेने बदलतो तिला आडवे, म्हणजे बहुधा खाडीच्या बांधाला समांतर, चार पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण यायला हवेत आणि त्यांच्या जागा दर पट्ट्याला नव्याने चिठ्ठ्या टाकून ठरवा. आवडत्या वाणाला चांगला कोपरा दिलात की चाचणी संपली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजवलेली पद्धत ती हीच.

पट्ट्यातला प्रत्येक वाणाचा वाफा ६ बाय ३ मीटरचा ठेवा. कडेच्या चुडांना (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांना) उजेड जास्त मिळतो, म्हणून कापणीला चारही बाजूंनी अर्धा मीटर सोडा. आत उरतात १० चौरस मीटर. तिथला १ किलो म्हणजे हेक्टरी १ टन. ओलावाही मोजा. वजनाला (१०० वजा ओलावा) ने गुणून ८६ ने भागले की १४ टक्के ओलाव्याचे वजन मिळते. २० टक्के ओलाव्याचे ५ किलो भात मग ४.६५ किलोच भरते.

आता हिशेब. समजा ज्योतीचे पट्टेवार ३.०, ३.८, ४.२, ४.५ किलो आले आणि नव्या वाणाचे ३.४, ४.१, ४.६, ५.०. नुसते आकडे पाहिले तर दोन्ही वाण एकमेकांत मिसळलेले दिसतात. पण पट्ट्यागणिक वजाबाकी करा: ०.४, ०.३, ०.४, ०.५. फरक सगळीकडे एकाच बाजूचा आणि जवळपास सारखा, म्हणून विश्वासाचा. हाच फरक एका पट्ट्यात १.२ किलो जास्त आणि दुसऱ्यात अर्धा किलो कमी निघाला, तर सरासरी कितीही गोड दिसो, बियाणे बदलू नका. नवा वाण फक्त खाऱ्या पट्ट्यात सरस ठरला, तर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा तपासा.

पट्टे वाढवून अचूकता वाढते, पण हळू: त्रुटी निम्मी करायला पट्टे चौपट लागतात. त्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन शेतांत तीच चाचणी लावलेली मला जास्त पटते. वाण दहा-बारा झाले की पट्टा लांबतो आणि स्वतःच एकसारखा राहत नाही. मग लहान, अपूर्ण गटांची, म्हणजे प्रत्येक गटात थोडेच वाण असलेली रचना लागते. ती आखायला जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेला विचारा.

वाफ्यांच्या खुंट्या पावसात वाहून जातात, म्हणून नकाशा घरी वहीत काढून ठेवा.