दहावी झाली, आता कर्नाटक की महाराष्ट्र? बेळगावकडच्या पोरांसाठी ॲडमिशनची भानगड

मे महिना आला की माझा फोन सुरू. येळ्ळूरवरनं, खानापुरातनं, निपाणीतनं, कोण लांबचे मामा तर कोण मित्राचा मेव्हणा, आणि प्रश्न एकच, "पोरीला इकडं घालू की तिकडं?" म्हणून एकदाच लिहून टाकतोय. बारावीनंतर ठरवू म्हणत असाल तर उशीर झालाय, कारण दोन्ही राज्यं मार्क नंतर बघतात, आधी विचारतात शिकलास कुठं.

आधी आपली, म्हणजे कर्नाटकची बाजू. एसएसएलसी (इथली दहावी) झाली की दोन वर्षं पीयू, म्हणजे अकरावी-बारावी, नाहीतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि डिप्लोमावाले डीसीईटी ही त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट सेकंड इयरला जातात, हा रस्ता लोक उगाच कमी लेखतात. पीयू सायन्स केलं तर केसीईटी, ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा केईए, म्हणजे राज्याचं परीक्षा प्राधिकरण घेतं, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स प्रत्येकी ६० मार्कांचं, पेपर इंग्लिश आणि कन्नडमध्ये, मराठीत नाही (मेडिकलची नीट परीक्षा मात्र मराठीत देता येते). इंजिनिअरिंगचा रँक काढताना निम्मं वजन पीयूच्या मार्कांना आणि निम्मं सीईटीला. तिकडं महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा, तिच्यात बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, मेरिट सगळं पर्सेंटाइलवर. म्हणजे वर्षभर नेटानं अभ्यास करणारं पण परीक्षेत हात थरथरणारं पोर असेल तर कर्नाटकच बरं, असं माझं मत.

आता अट. केसीईटीतनं सरकारी कोट्याची सीट पाहिजे तर पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेलं पाहिजे, शिवाय दहावी किंवा बारावी यातलं एक तरी इथनं पास पाहिजे. पहिली ते सातवी गावात आणि आठवीपासनं कोल्हापूरला मामाकडं, असं असेल तर ७ वर्षं भरतात पण दहावी-बारावी दोन्ही तिकडची, मग साध्या नियमात बसत नाही आणि आईबापाच्या कागदांवरचे दुसरे क्लॉज शोधत बसावं लागतं. रुरल कोट्याचंही तसंच, १५ टक्के सीटा आहेत पण पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पाहिजेत. चांगली शाळा म्हणून आठवीला बेळगावात घातलं की हा कोटा गेला, आणि हे पालकांना कळतं थेट फॉर्म भरताना.

जातीचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे इथल्या महसूल ऑफिसातनं काढायचा, त्यावरचा आरडी नंबर फॉर्ममध्ये टाकावा लागतो. मराठा समाज इथं थ्री बी या मागासवर्गीय गटात येतो. महाराष्ट्रातला दाखला इथं चालत नाही, इथला तिथं चालत नाही, पाहुण्यांनी काय सांगितलं ते सोडून द्या.

सगळ्यात जास्त घोळ सीट लागल्यावर होतो, तेव्हा चार चॉइसमधला एक दाबावा लागतो. माझी भाची सायबर कॅफेत बसून, "मामा, चॉइस टू म्हंजे काय वो?" म्हणून फोन करायलेली, मी जेवत होतो, म्हटलं थांब जरा, तोवर काउंटरवरच्या पोरानं चॉइस वन दाबून टाकलं. वन म्हणजे हीच सीट घेतली, पुढच्या राउंडमधून बाहेर. टू म्हणजे ही हातात राहू दे पण वरची मिळाली तर द्या, थ्री म्हणजे ही नको पुढच्या राउंडला बघतो, फोर म्हणजे मी चाललो. तिला कॉम्प्युटर सायन्स पाहिजे होतं, सिव्हिल घेऊन बसली. चॉइस घरी बसून, स्वतः दाबा.

व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीचं मुख्य ऑफिस बेळगावात आहे म्हणून आपल्या पोरांना सीट लवकर मिळते ही अफवा आहे, ती अख्ख्या राज्याची युनिव्हर्सिटी. आणि तिथं कन्नड न येणाऱ्यांना बळके कन्नड नावाचा छोटा विषय असतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

आता तिकडची बाजू. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं, तिथल्या मराठी मातृभाषेच्या पोरांना सीमाभागातले उमेदवार म्हणून महाराष्ट्राच्या प्रवेशात वेगळा रस्ता आहे. गाव सीमाभागातलं असल्याचा दाखला लागतो आणि मातृभाषा मराठी असल्याचा, हे दोन्ही फॉर्म सुटायच्या आधी काढून ठेवा. सीईटी तिकडचीच द्यायची. गंमत बघा, कर्नाटकानं पण जत, अक्कलकोट, गडहिंग्लजच्या कन्नड पोरांसाठी असाच दरवाजा ठेवलाय, त्यांना कन्नडची परीक्षा द्यावी लागते. भांडण कोर्टात आणि सीटा दोन्हीकडं.

बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं असेल तर एवढी धावपळ नाही. आपली कॉलेजं राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीखाली, २०१० च्या आधी धारवाडला जोडलेली होती, फॉर्म यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर. मध्ये चार वर्षांची डिग्री आणलेली ती २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची केली, त्यामुळं मोठ्या भावाचं ऐकून गोंधळू नका. मराठी विषय ठेवणारं कॉलेज पाहिजे असेल तर आधी ऑफिसात जाऊन विचारा, यंदा वर्ग भरणार का म्हणून, नुसतं माहितीपत्रकात नाव बघून फी भरू नका.

स्कॉलरशिप एसएसपी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर. आधार बँकेला जोडलेलं नसेल तर पैसे येतच नाहीत, आणि मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी असं असेल तर ते आजच जाऊन नीट करून घ्या, जूनमध्ये आधार सेंटरला गर्दी असते.