अनेक आवडी सांभाळायच्या कशा

ज्यांना एकाच वेळी दहा विषय खुणावतात, त्यांची खरी अडचण विषय दहा आहेत ही नसते. बाजूला ठेवलेल्या विषयाकडे परत गेलं की दर वेळी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो, ही असते. काय वाचलं होतं, कुठे अडलं होतं, पुढे काय करून पाहायचं ठरलं होतं, सगळं पुसलेलं असतं. मग आपण कशातच पुढे गेलो नाही असं वाटू लागतं आणि मन खट्टू होतं. म्हणून आवडी कमी करा असं मी कुणालाही सांगत नाही. विषय बाजूला ठेवायचा कसा, हे मात्र आधी शिकून घ्या.

मी मुद्रितशोधन करते. आज समोर मातीवरचं पुस्तक असतं, पुढच्या आठवड्यात करारांच्या कायद्यावरचं. कामाबाहेर लंबकाची घड्याळं, वह्या बांधणं, शेवाळं आणि दोरीच्या गाठी यांत माझा जीव रमतो. खाली लिहिलेलं सगळं मी रोज वापरते.

वही एकच ठेवा

प्रत्येक विषयाची वेगळी वही करायचा मोह होतो. तो टाळा. नवा विषय सुचला की नवी वही आणेपर्यंत नोंद राहून जाते, आणि दोन विषयांत बसणारी नोंद नेमकी कुठे लिहायची हा घोळ कायमचा मागे लागतो. सगळ्याला मिळून एक जाड वही घ्या, पहिल्याच दिवशी पानांवर क्रमांक घाला आणि शेवटची काही पानं सूचीसाठी राखून ठेवा. नोंदी ज्या क्रमाने सुचतील त्याच क्रमाने येऊ द्या. शिस्त फक्त सूचीला हवी.

सूचीची एक जुनी आणि फार सोपी रीत आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी ती १६८६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. नोंदीचा मुख्य शब्द घ्यायचा, त्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर पाहायचा, आणि त्या जोडीच्या घरात पानाचा क्रमांक लिहायचा. रोमन लिपीत त्यासाठी त्यांना चौकटी आखाव्या लागल्या. आपल्याकडे बाराखडी तयारच आहे. ‘लंबक’ ल च्या घरात, ‘शेवाळ’ शे च्या, ‘गाठ’ गा च्या. ऱ्हस्व-दीर्घ एकत्र धरा, म्हणजे जागा कमी लागते. प्रत्येक व्यंजनाला सूचीत दोन ओळी दिल्या तरी भागतं. क्ष आणि ज्ञ यांना मी अर्धीच ओळ देते, तीही सहसा रिकामी राहते.

फोनमध्ये शोधायची सोय असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. फोनमध्ये जे शोधाल तेच सापडतं. सूचीवरून नजर फिरवताना शेजारच्या घरातला विसरलेला विषयही दिसतो, आणि आपल्यासारख्यांना त्याचीच गरज असते.

विषय ठेवताना निरोप लिहा

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते. एखाद्या विषयातला रस ओसरतोय असं जाणवलं की त्याच दिवशी, अजून थोडी गोडी शिल्लक असतानाच, वहीत स्वतःसाठी निरोप लिहा. त्यात तीनच गोष्टी हव्यात: आत्ता कुठे आहे, पुढचा प्रश्न कोणता, आणि सामान कुठे ठेवलं आहे. घड्याळ बाजूला ठेवताना मी लिहिलेला निरोप असा:

‘दिवसाला साधारण मिनिटभर मागे पडत होतं. लंबकाच्या चकतीखालचा नट फिरवून चकती किंचित वर घेतली, आता फरक बराच कमी. दांडी पोलादी आहे. प्रश्न: गरम दिवसांत किती मागे पडेल? बारीक पेचकस आणि तेलाची कुपी निळ्या डब्यात.’

यातला प्रश्न सगळ्यात मोलाचा. ‘घड्याळांबद्दल आणखी वाचायचं’ असं लिहिलं असतं तर परत आल्यावर कुठून सुरुवात करायची हे कळलंच नसतं. प्रश्न नेमका असला की परत येणं सोपं जातं. या प्रश्नाचं उत्तर कागदावर काढता येतं. ज्या लंबकाचा एक झोका एका सेकंदाचा, त्याची लांबी एक मीटरला जरा कमी असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की पोलादी दांडी किंचित लांबते, झोका मंदावतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं. एवढं गणित एका बैठकीत होतं, आणि ते झालं की विषय पुन्हा जिवंत होतो.

चार्ल्स डार्विन यांची पद्धतही याच जातीची होती. तीस-चाळीस मोठ्या फायली, त्यांना नावं लावलेले कप्पे, आणि सुटी टिपणं लगेच ज्या त्या फायलीत. एखादा विषय हाती घ्यायची वेळ आली की ती फाईल उघडली की झालं. वर्षानुवर्षं मध्ये गेली तरी काही हरवत नसे.

किती खोल जायचं ते आधी ठरवा

खर्च करण्याआधी स्वतःला विचारा: मला हे समजून घ्यायचं आहे, स्वतःच्या हाताने करायचं आहे, की दुसऱ्याने विसंबावं इतकं यायला हवं आहे? शेवाळांच्या बाबतीत मला फक्त ओळख हवी, म्हणून एक साधं भिंग पुरतं. वही-बांधणी हाताने करायची होती, म्हणून टोचा, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा घेतला. तिसऱ्या पायरीवर मी फक्त मुद्रितशोधनात आहे. पहिल्या पायरीचा विषय पहिल्याच पायरीवर राहिला तर तो अर्धवट राहिला असं मानू नका. ठरवलं तेवढं झालं म्हणजे तो पुरा झाला.

पण एका तरी विषयात खोलवर जा, हा माझा आग्रह आहे. डार्विन यांनी १८४६ पासून आठ वर्षं खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नावाच्या जीवांवर घालवली. इतकं बारीक काम एकदा केलं की खोली म्हणजे काय ते कळतं, आणि बाकीच्या विषयांत आपण कुठवर बोलावं आणि कुठे गप्प बसावं याचं भान येतं. ज्याला ते भान नाही त्याची बहुश्रुतता ऐकणाऱ्याला महागात पडते.

दोन विषयांची सीमा धुंडाळा

अनेक विषयांचा सगळ्यात मोठा आनंद इथे आहे. महिन्यातून एकदा सूचीतली कुठलीही दोन घरं घ्या आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारून पाहा. बहुतेक वेळा काही निघत नाही, दहा मिनिटांत सोडून द्या. कधीतरी मात्र दार उघडतं.

माझं असं झालं: घड्याळ मागे पडतं, पण कशाच्या मागे? फोनवरच्या वेळेच्या, हे उत्तर मला पुरेना. पूर्वी सूर्यावरून वेळ लावत असतील तर सूर्य तरी वेळेवर असतो का? मोकळ्या जागी एक काठी उभी रोवा आणि दर आठवड्याला घड्याळातल्या त्याच वेळी सावलीच्या टोकावर खूण करा. वर्षभरात खुणा एका रेषेत येत नाहीत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी लांबट आकृती तयार होते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा पुरती वर्तुळाकार नाही, म्हणून सूर्यघड्याळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरासरी वेळेच्या सुमारे १६ मिनिटं पुढे असतं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १४ मिनिटं मागे. लंबकाच्या नटापासून मी पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोचले, आणि या वाटेवर कुठलंच पुस्तक मला घेऊन गेलं नसतं.

हे मोठ्या प्रमाणावर करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी मला फार जवळचे वाटतात. व्यवसायाने गणिती. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणजे वजनात इतिहास साठलेला असणार, हे त्यांनी हेरलं आणि प्राचीन आहत (ठसे मारून केलेली) नाणी अचूक तराजूवर तोलून त्यांना संख्याशास्त्र लावलं. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधली अंतरं काढण्याचं एक सूत्र मांडलं, ते आजही त्यांच्या नावाने वापरलं जातं. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. नाण्यांना जो प्रश्न त्यांनी विचारला, तो गणित न येणाऱ्या नाणेतज्ज्ञाला सुचणं कठीण होतं.

पोटापाण्याचं ओझं आवडींवर टाकू नका

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचं पोट संगीतावर चालत होतं. दुर्बिणीचे आरसे ते स्वतः घासत, आणि १३ मार्च १७८१ च्या रात्री त्यांना युरेनस दिसला तेव्हाही ते संगीतकारच होते. प्रत्येक आवडीतून ‘काहीतरी निघालं पाहिजे’ अशी अट घातली की हळूहळू फक्त विकाऊ आवडी उरतात. एक काम घर चालवण्यापुरतं धरा आणि बाकीच्यांना मोकळं राहू द्या.

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हे ऐकावं लागेलच. वाद घालू नका. ‘सध्या काय करतेस?’ असं कुणी विचारलं तर विषयांची यादी सांगण्याऐवजी सध्याचा एक प्रश्न सांगा. यादी ऐकून माणसं सल्ला देतात, प्रश्न ऐकून थांबतात, आणि कधी त्यातलं कुणीतरी उत्तर घेऊन येतं.

परत येताना

जुना विषय पुन्हा उघडताना सगळं पहिल्यापासून वाचायला बसू नका, त्यातच उत्साह संपतो. सूचीतून पान काढा, शेवटचा निरोप वाचा, सामान समोर मांडा आणि लिहून ठेवलेल्या प्रश्नालाच हात घाला. मधलं विसरलेलं लागेल तसं चाळता येतं. प्रश्न आता निरस वाटत असेल तर त्याखाली तारीख घालून ‘बंद’ असं लिहा आणि सूचीतल्या त्या क्रमांकाभोवती चौकट काढा. माझ्या वहीत अशा चौकटी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या शेजारी नंतर नवे क्रमांकही आले आहेत.