हलगीला इको कसा लावावा

पन्हाळ्यावर तटापासून साधारण 50 मीटरवर उभं राहून टाळी वाजवा. आवाज जाऊन यायला सुमारे 0.3 सेकंद लागतात. तट स्वतःच्या अंतराप्रमाणेच उत्तर देतो, तुमच्या लयीशी त्याला देणंघेणं नसतं. स्टुडिओत मात्र हे अंतर आपल्या हातात असतं, आणि हलगीसारख्या वाद्याला तेच सगळ्यात आधी नीट ठरवावं लागतं.

सुरुवात रेकॉर्डिंगपासून करा. हलगी चांगली शेकून घ्या. खोलीच्या उघड्या भिंतींवर वाकळा टांगा, कारण खोलीचा घुमारा एकदा आवाजात बसला की नंतर तो काढणं फार अवघड. माईक दोनेक फूट लांब आणि थोडा तिरका ठेवा.

आता सॉफ्टवेअरमध्ये हलगीच्या ट्रॅकवर थेट डिले (आवाज ठरलेल्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) टाकू नका. वेगळा सेंड ट्रॅक (हलगीच्या आवाजाची प्रत हवी तेवढी पाठवता येते असा ट्रॅक) करा, डिले त्यावर लावा आणि त्यातला मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त इको चालू ठेवा. म्हणजे हलगीचा कडकडाट जसाच्या तसा राहतो आणि इकोवर स्वतंत्र काम करता येतं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाच्या 60,000 मिलिसेकंदांना लयीने भागा. मिनिटाला 100 ठोके असतील तर एका ठोक्याला 600 मिलिसेकंद मिळतात. अर्ध्या ठोक्याला 300, पाऊण ठोक्याला 450. मला पाऊण आवडतो, कारण त्याचा इको ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागी पडतो आणि चाल पुढं ढकलतो. पण लावणीच्या ढोलकीसारखे एका ठोक्यात तीन झोके पडत असतील, तर 200 किंवा 400 घ्या. तिथं 300 घेतले की ढोलकी लंगडते.

फीडबॅक, म्हणजे इकोचा जेवढा भाग पुन्हा डिलेत जातो तो, 20 ते 30 टक्के पुरे. दोन-तीन आवर्तनांत आवाज विरला पाहिजे. इकोतला 300 हर्ट्झच्या खालचा आणि 4,000 हर्ट्झच्या वरचा भाग कापा. बारीक काडीची तीक्ष्ण टिचकी मूळ हलगीकडंच राहू दे, इको मागं, जरा धूसर ऐकू यायला हवा.

इथवर जमलं तरी खरं काम पुढंच आहे. पहिल्यांदा मी अख्ख्या ट्रॅकला इको लावला होता. हलगीवाले मामा ऐकून म्हणाले, "माझ्या मागं दुसरं कोण वाजवतंय?" त्यांचं बरोबर होतं. हलगीची बोटं आणि काठ्या इतक्या दाट चालतात की प्रत्येक ठोक्याच्या इकोला जागाच उरत नाही. तेव्हापासून मी सेंड शून्यावर ठेवतो आणि ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरमध्ये आधीच आखून ठेवलेल्या बदलांनी) फक्त निवडक ठोक्यांवर उघडतो: तुकडा संपतो तो शेवटचा ठोका, किंवा गायक श्वास घेतो त्याच्या आधीचा. ठोका पडला की लगेच सेंड बंद. इको एकटाच पुढं जातो. जमैकातल्या डब संगीतात किंग टबीसारख्या ध्वनिमुद्रकांनी 1970 च्या दशकात ड्रमचा एखादाच ठोका असा इकोत सोडून दिला, तो आजही अंगावर काटा आणतो.

इको तरीही गाण्यात आडवा येत असेल, तर सेंड ट्रॅकवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारा इफेक्ट) लावून त्याला मूळ हलगीची साइडचेन द्या, म्हणजे कधी दाबायचं ते हलगीच्या आवाजावरून ठरेल. हलगी वाजताना इको दबेल, थांबली की वर येईल.

पिंगपाँग डिले (इको डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून टाकणारा) वापरला असेल तर मिक्स मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐका, मग साध्या मोबाईलच्या स्पीकरवर. तिथं ठोके एकमेकांत मिसळत असतील तर आधी फीडबॅक कमी करा, सेंडला नंतर हात लावा.